स्टोव्ह क्रमांक चार पेटला होता

प्रथम घटनाक्रम आणि प्रत्येक घटनेस जबाबदार असलेल्या व्यक्ती नोंदवतो, म्हणजे पुढे वाद नको.

१९७७ चा हिवाळा. पनवेलच्या पलीकडील डोंगरातल्या एका धनगरवाड्यावर एका बाईंच्या परड्याचे कुंपण जाळण्यात आले. जबाबदार: आमच्या कारखान्याच्या भटकंती मंडळाचे चौदा सभासद. त्यांत मी होतो.

१९७८ ते १९८२. सहलीला उचलून नेता येतील अशा स्टोव्हांचा शोध, चाचणी, निवड व संग्रह. जबाबदार: एकटा मी.

१९८३ चा मार्गशीर्ष, शनिवारची दुपार, स्थळ तोच धनगरवाडा. स्टोव्ह क्रमांक चार पाऊण तास पेटला नाही, आणि नंतर पेटला. जबाबदार: दोन व्यक्ती. त्यांची नावे योग्य जागी येतील.

चालू वर्षाचा मे महिना. मंडळाची स्मरणिका, पान एकतीस. जबाबदार: श्री. सामंत, मंडळाचे अध्यक्ष, आमच्या सोसायटीचे सचिव, आणि माझ्या बरोबर खालच्या मजल्यावरचे शेजारी.

त्या पानावरचे वाक्य जसेच्या तसे देतो. ‘त्या रात्री आमच्या चौबळांचा स्टोव्ह नेहमीप्रमाणे रुसला आणि शेवटी धनगरवाड्यावरच्या लाकडांनीच आमची पोटे भरली.’ एका वाक्यात तीन असत्ये आहेत. ती रात्र नव्हती. सूर्य डोंगराच्या बराच वर होता. स्टोव्ह ‘नेहमीप्रमाणे’ रुसला नाही; तो त्याआधी एकदाही रुसला नव्हता. आणि लाकडांबद्दलचे विधान हे माझ्या मते केवळ चूक नसून बदनामी आहे, कारण मी एका बाईंना शब्द दिला होता आणि तो मी मोडला असा त्याचा सरळ अर्थ होतो.

स्मरणिका हाती पडल्यापासून मी श्री. सामंत यांना तीन पत्रे लिहिली. पहिल्या दोहोंना उत्तर नाही. तिसऱ्याला जिन्यात तोंडी उत्तर मिळाले: “अहो चौबळ, गंमत आहे हो ती. स्मरणिकेत काय शपथपत्र छापायचं का?” म्हणून हा लेख. दिवाळी अंक ते वाचतात, हे मला त्यांच्या रद्दीवरून ठाऊक आहे.

*

मी तुर्भ्याच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात एकवीस वर्षे भांडारपाल होतो. भांडार म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणे अवघड नाही. कारखान्याला लागणारी प्रत्येक वस्तू, खिळ्यापासून पंपापर्यंत, आधी माझ्याकडे येई आणि माझ्याकडून जाई. येताना नोंद, जाताना नोंद. वस्तू हवी असल्यास मागणीपत्र भरायचे, त्यावर अधिकाऱ्याची सही घ्यायची, आणि त्यात जे लिहिले असेल तेच मी द्यायचे. नटबोल्ट मागणाऱ्याने ‘नट’ एवढेच लिहिले तर त्याला नट मिळे. बोल्ट समोरच्या कप्प्यात चकाकत असला तरी मिळत नसे. लोक चिडत. पुढच्या वेळी मात्र पूर्ण लिहीत. एकवीस वर्षांत माझ्या भांडारातून एक वॉशर बेहिशेबी गेला नाही, हे मी आजही कोणाही लेखापरीक्षकासमोर सांगेन.

आमच्या कारखान्यातल्या काही जणांना डोंगर चढण्याचे वेड होते. सामंत कार्मिक विभागात होते. मंडळ त्यांनी काढले. गमरे हा फिटर, मंडणगडकडचा, कमी बोलणारा. त्याच्या खिशात पाना नाही असा दिवस मी पाहिला नाही. दशरथ पाटील कंप्रेसर चालवायचा. कोपरखैरण्याच्या जुन्या गावातला, खाडीकाठी वाढलेला, आणि चढणीवर आम्हा सर्वांच्या आधी पोहोचून वरून शेरे मारणारा. मी त्यांच्यात गेलो तो वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये रविवारी करायला काही नसे म्हणून.

त्या काळी डोंगरावर स्वयंपाक म्हणजे तीन दगड आणि सापडतील ती लाकडे. त्याबद्दल कोणी विचार करत नसे. १९७७ च्या त्या थंडीत आम्ही धनगरवाड्याजवळच्या पठारावर मुक्काम केला. जवळच वाळलेल्या काटक्यांची एक लांबच लांब रास दिसली. कोणीतरी म्हणाले, सरपण रचून ठेवलंय. आम्ही चौदा सुशिक्षित, पगारदार, अर्ज वाचूनच सही करणाऱ्या माणसांनी ती रास निम्मी उचलली आणि तिच्यावर खिचडी केली.

सकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात विळा. त्यांनी आमच्या राखेकडे पाहिले, मग पठाराच्या कडेकडे पाहिले, आणि अजिबात आवाज न चढवता विचारले, “माजी वई कुनी खाल्ली?”

वई म्हणजे काट्याकुट्यांचे कुंपण. आम्ही सरपण समजून त्यांच्या नाचणीच्या परड्याभोवतीचे कुंपण जाळले होते. पहाटे त्यांच्याच म्हशी आत शिरून उरलेली नाचणी खाऊन गेल्या होत्या. सामंतांनी नुकसानभरपाईचा विषय काढला. बाई म्हणाल्या, “पैशाची वई लावू व्हय? म्हस पैशाला भितीय?”

आम्ही तो सबंध रविवार काटे तोडून कुंपण पुन्हा लावले. बाई कमरेवर हात ठेवून आम्हाला शिकवत होत्या. दशरथ चांगला निघाला; मी इतका वाईट की मला शेवटी फक्त मोजायला बसवले. निघताना मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो की यापुढे आमचे मंडळ इथे आले तर आपला विस्तव आपण घेऊन येईल. तुमची एक काडी जळणार नाही. मी हे लिहून देऊ केले. भागीमावशी, हे त्यांचे नाव, म्हणाल्या, “लिवून नगं. मला वाचता कुटं येतंय? बोल्लायस तेवडं कर.”

एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर सहीशिवाय, कागदाशिवाय, साक्षीदाराशिवाय टाकलेला तो एकमेव विश्वास. त्यापायी मी अकरा स्टोव्ह जमवले.

*

सहलीचा स्टोव्ह निवडणे म्हणजे घरचा स्टोव्ह पिशवीत घालणे, अशी समजूत आहे. ती चूक आहे. घरचा स्टोव्ह ओट्यावर बसतो. त्याला वारा माहीत नसतो, उतार माहीत नसतो, पाठीवरच्या पिशवीत आडवे पडणे माहीत नसते. डोंगरावरच्या स्टोव्हाने ते सर्व सोसून सोळा माणसांचे पिठले उकळायचे असते.

स्टोव्ह मिळवण्यासाठी मी जिथे तिथे हिंडलो. पहिला मिळाला तो एका अविवाहित सहकाऱ्याच्या खोलीतला वातीचा स्टोव्ह. त्याचे लग्न ठरल्यावर मी तो रीतसर पत्र लिहून मागून घेतला. दुसरा एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा, दिसायला फार देखणा. त्याच्यावर एक कप पाणी उकळेपर्यंत दशरथ कोपरखैरण्याला जाऊन येईल अशी त्याची गती. दशरथ त्याच्याकडे बघत म्हणाला, “साहेब, याला देवापुढं ठेवा. याच्याकडून चाय नाय व्हायाचा.”

तिसरा उरणच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. कुठल्याशा जहाजावरचा, पेट्रोलवर चालणारा. पेटला तेव्हा असा गर्जला की गमरे, जो आयुष्यभर बॉयलरशेजारी उभा राहिला, दोन पावले मागे सरकला. “ह्यो पेटलाय का रागावलाय?” दशरथने विचारले. पेट्रोल पाठीवर बाळगून डोंगर चढणे मला कोणत्याही नियमात बसवता येईना. तो स्टोव्ह संग्रहात राहिला, सहलीला कधी गेला नाही. मधल्या काळात घन इंधनाच्या, काडीने पेटणाऱ्या वड्याही मागवून पाहिल्या. त्यांवर केलेल्या चहाला दवाखान्याचा वास आला. मी उत्पादकांना चार पानी पत्र लिहिले. त्यांनी आभार मानून वड्यांचा आणखी एक डबा पाठवला. तो मी पोच घेऊन परत केला.

चाचण्या मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर घेई. वाशीला त्या वेळी इमारती थोड्या होत्या आणि खाडीवरचा वारा थेट येई. डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्याला तो अगदी जवळचा. एवढी चांगली प्रयोगशाळा सरकारकडेही नसेल. पहिली कसोटी: सहा कप पाणी, उघड्या वाऱ्यात. दुसरी: भरलेला स्टोव्ह पिशवीत आडवा टाकून तीन मजले चढणे-उतरणे, एक थेंब गळता कामा नये. तिसरी गमरेची: त्याच्या खिशातल्या एका पान्याने सबंध खोलून परत जोडता आला पाहिजे. चौथी माझ्या पत्नीची, आणि तिच्यात सर्वांत जास्त स्टोव्ह नापास झाले. ती मोठे पातेले चढवून त्यात पिठले घोटायला घेई. स्टोव्ह डगमगला की डाव खाली ठेवून म्हणे, “हा नको. याच्यावर माणूस फक्त पाणी पिऊ शकतो.”

दुसऱ्याच महिन्यात सोसायटीची नोटीस आली. सही: सचिव, श्री. सामंत. ‘गच्चीवर शेगडी पेटविण्यास सक्त मनाई आहे.’ मी उत्तर दिले की शेगडी म्हणजे कोळशाचे साधन. स्टोव्ह हे वेगळे साधन असून उपविधींत त्याचा उल्लेख नाही. त्यांनी लिहिले, उल्लेख नसला तरी आशय स्पष्ट आहे. मी लिहिले, आशयावर दंड करता येत नाही. अशी सोळा पत्रे झाली. आमच्यात एका जिन्याचे अंतर. त्यांची पत्रे दाराखालून सरकत. माझी पत्रे माझी पत्नी घेऊन जाई, बरोबर वाटीत भाजी. तिचे म्हणणे असे की नुसते पत्र दिले तर सामंतवहिनी वाटी परत देताना रिकामी देतील.

सतरावे पत्र लिहिण्याऐवजी सामंत एका जानेवारीच्या सकाळी जातीने गच्चीवर आले, पंचनामा करायला, कानटोपी घालून. वारा भयंकर होता. मी त्यांच्या हाती चहाचा कप दिला. त्यांनी तो संपवला, स्टोव्हाभोवती एक चक्कर मारली आणि विचारले, “दुसरा कप याच्यावरच होईल का, की त्याला वेगळा अर्ज?” त्या दिवसापासून ते चाचणीचे पाचवे परीक्षक झाले. मी हे मुद्दाम नोंदवतो. मी कृतघ्न माणूस नाही. मी फक्त पान एकतीसबद्दल बोलतो आहे.

*

आता स्टोव्ह क्रमांक चार.

पनवेलच्या बाजारात एका बोळात एक म्हातारे स्टोव्ह दुरुस्त करत बसत. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या फळीवर सर्वांत वर एक लहान पितळी स्टोव्ह होता, घडी होणाऱ्या तीन पायांचा. कोण्या जमीनमोजणीवाल्यांच्या तंबूतून तो त्यांच्याकडे दुरुस्तीला आला आणि मालक न्यायला आलेच नाहीत. मी तो पाहून म्हणालो, छान दिसतो. चाचा हसले. त्यांनी टाकीत थोडे रॉकेल घातले, आठ-दहा वेळा पंप मारला, आणि स्टोव्ह पेटवण्याऐवजी माझ्या कानाला लावला.

“काय ऐकू येतं?”

मी म्हणालो, काहीच नाही.

“मग चांगला आहे. डोळ्यांनी घेणारे लोक पुन्हा पुन्हा माझ्याकडे येतात. कानाने घेतलेला येत नाही.”

दाबाचा स्टोव्ह म्हणजे काय, ते मी खरे तिथे शिकलो. टाकीत पंपाने हवा भरायची. त्या दाबाने रॉकेल वर चढते. पण द्रव रॉकेल नीट जळत नाही. नुसता भडका आणि काजळी. म्हणून आधी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट पेटवून बर्नर तापवायचा. तापल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या भोकातून जोराने बाहेर येते आणि निळी, गोल, भरीव ज्योत मिळते. ते भोक सुईच्या टोकाहून बारीक. सगळा कारभार त्या भोकावर. त्यात काजळीचा एक कण अडकला की पितळ, पंप, दाब, सर्व व्यर्थ. तो कण काढायला पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसासारखी तार असते. तिला पिन म्हणतात. ती बोटभर लांब असते आणि हरवायला फार सोपी.

चाचांनी मला स्टोव्ह लगेच दिला नाही. तीन रविवार येऊन तो माझ्यासमोर खोलून जोडा, मग न्या, अशी अट घातली. मी अट लेखी मागितली. ते म्हणाले, “साहेब, लिहिता येत असतं तर दुकान मोठं केलं असतं.” मी तीन रविवार गेलो. पंपाचा चामडी वॉशर तेलात किती वेळ मुरवायचा, बर्नर बसवताना कुठे थांबायचे, सर्व शिकलो. चौथ्या रविवारी स्टोव्ह माझ्या घरी आला आणि चारही कसोट्यांना उतरला. पत्नीने त्याच्यावर पिठले घोटले, डाव कडेला ठेवला आणि म्हणाली, “हा राहू दे.” त्या काळात तिने कशाची केलेली ही सर्वांत मोठी स्तुती होती. मी धरून.

दशरथने त्याचे नाव ‘शानी’ ठेवले, म्हणजे शहाणी. पुढची दोन वर्षे शानीने आमच्या प्रत्येक सहलीत सोळा माणसे जेवू घातली आणि एकदाही कुरकुर केली नाही.

*

१९८३ च्या मार्गशीर्षात मंडळ पुन्हा त्या धनगरवाड्याकडे जायचे ठरले. सहा वर्षांनी. माझा शब्द प्रथमच कसोटीला लागणार होता. सहलीचे सामान माझ्याच भांडारात एका वेगळ्या कपाटात असे आणि त्यालाही मी मागणीपत्राचा नियम लावला होता. अध्यक्षांचे मागणीपत्र आले. ‘स्टोव्ह क्र. ४, एक नग. वाऱ्यासाठी पत्रा, एक नग. पातेली, दोन नग. स्पिरिट, एक बाटली.’ खाली सामंतांची सही.

पिन नव्हती.

माझे कपाट उघडे होते. पिन डाव्या खणात, डबीत होती. मला ती दिसत होती. मी स्टोव्ह दिला, पत्रा दिला, पातेली दिली, बाटली दिली, आणि कपाट बंद केले. अध्यक्षांना एकदा कळेल, असे मला वाटले. मीही त्याच सहलीला जाणार होतो, तरीही. घरी हे सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, मग एक पिन खिशात टाका ना.”

मी म्हणालो, मागणीपत्रात नाही.

“कोणाच्या?”

“सामंतांच्या.”

“आणि जेवणार कोण?”

मी सहलीची यादी पुन्हा तपासायला घेतली.

रॉकेल कारखान्याचे वापरायचे नाही, असा माझा दंडक होता. प्रत्येकाने आपल्या रेशनमधली एक बाटली आणायची. तशा सोळा बाटल्या एका डब्यात ओतल्या. सोळा स्वयंपाकघरांतले रॉकेल, काही ताजे, काही तळाचे. पुढे जे घडले त्याचे तांत्रिक कारण हे.

दुपारी आम्ही पठारावर पोहोचलो. सामंत बाकीच्यांना घेऊन किल्ला बघायला वर गेले. स्वयंपाकाला मी, गमरे आणि दशरथ थांबलो. भागीमावशी भेटायला आल्या. मी त्यांना शानी दाखवली, म्हणालो, मावशी, हा बघा आमचा विस्तव. त्या पदर खोचून उकिडव्या बसल्या. पाहू या, असा त्यांचा चेहरा.

मी स्पिरिट पेटवले. बर्नर तापवला. पंप मारला. शानी एकदा शिंकल्यासारखी झाली, पिवळी झाली, आणि विझली. पुन्हा तापवला. पुन्हा विझली. तिसऱ्या वेळी काहीच झाले नाही. गमरेने खिशातला पाना काढून निपल सोडवला, आभाळाकडे धरला आणि माझ्या हाती दिला. त्यातून उजेडाचा ठिपका दिसायला हवा होता. दिसत नव्हता.

“पिन द्या, साहेब,” गमरे म्हणाला.

मी त्याला खरे ते सांगितले. गमरेने पाना पुसून खिशात ठेवला. तो कमी बोलणारा माणूस होता. त्या दिवशी ते बरे वाटले. दशरथ मात्र गप्प बसणारा नव्हता. “म्हंजे साहेब, तुमी तुमालाच पिन दिली नाय?”

मी म्हणालो, नाही.

“आनि तुमीच तुमच्यावर केस करनार?”

आम्ही करवंदीचा काटा घालून पाहिला. त्याचे टोक मोडले. मावशींनी केरसुणीचा हीर आणला, तो जाड. दशरथच्या पिशवीत जाळे विणायचा दोरा होता. तो वाकडा होई, आत जाईना. पाऊण तास गेला. खाली मावशींचे कुंपण उभे होते, वाळलेले, कडकडीत, पेटवायला एक काडी पुरली असती. दशरथने त्याच्याकडे एकदा बघितले आणि मान फिरवली. मी सोळा उपाशी माणसांचा विचार करत होतो. भाताचे तांदूळ धुऊन तयार होते. मी मावशींना म्हणालो की आज आम्ही कच्चे पोहे खाऊ, पण तुमची काडी घेणार नाही.

मावशी उठल्या. त्या गोठ्याकडे गेल्या आणि एका म्हशीला घेऊन आल्या. तिचे नाव गोदी.

“ताठ केस पायजे ना?” त्या म्हणाल्या. “हिच्या शेपटीला हाय बग. हिसका नगं मारू.”

दशरथ पुढे झाला आणि त्याने हिसका मारला. गोदीने त्याला पठाराच्या गवतात बसवले. मावशी इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग त्यांनी स्वतः म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, तिच्याशी काहीतरी बोलल्या आणि शेपटीतला एक जाड काळा केस अलगद काढून माझ्या तळहातावर ठेवला.

गमरेने तो रॉकेलमध्ये बुडवला आणि निपलच्या मागच्या, रुंद बाजूने आत सारला. बोटांत फिरवत, थांबत, फिरवत. केस आरपार आला. टोकाला मोहरीच्या दहाव्या हिश्शाएवढा काळा कण होता. गमरेने निपल आभाळाकडे धरला आणि त्या दिवसातले दुसरे वाक्य बोलला. “दिसतंय.”

शानी पेटली. निळी, गोल, भरीव. तिचा तो घुमणारा आवाज पठारावर सुरू झाला तेव्हा गोदीने कान टवकारले आणि दशरथ गवतातूनच ओरडला की शानीला आता म्हशीची भाषा कळते. मी चाळिशी उलटलेला, नियमाने वागणारा माणूस. मी टाळ्या वाजवल्याचे गमरे सांगतो. मला ते आठवत नाही, पण मी नाकारतही नाही.

पिठले झाले. भात झाला. आता सूर्य कलला होता. मावशी म्हणाल्या, भाताबरोबर भाकरी पायजे, आणि घरी जाऊन त्यांनी आपली चूल पेटवली. स्वतःच्या चुलीत, स्वतःच्या सरपणावर, स्वतःच्या मर्जीने, त्यांनी नाचणीच्या भाकऱ्या थापल्या. त्यांच्या छपरातून धूर निघाला. त्याच वेळी किल्ल्यावरून सामंत आणि मंडळी उतरत होती. सामंतांनी वरून धूर पाहिला. पान एकतीसचा पुरावा म्हणजे तो धूर. एवढाच.

कायद्याच्या दृष्टीने स्थिती अशी: लाकूड मालकाचे, चूल मालकाची, जाळणारा मालक, आणि भाकरी ही भेट. आमच्या जेवणातला प्रत्येक थेंब आणि कण शानीवर शिजला. माझा शब्द शाबूत राहिला.

सोमवारी मी भांडारात गेलो आणि दोन गोष्टी केल्या. सामंतांचे मागणीपत्र पाकिटात घालून ठेवले. आणि साठ्याच्या वहीत नोंद केली: ‘पर्यायी पिन: म्हशीच्या शेपटीचा केस, एक नग, सुस्थितीत, जमा.’ लेखापरीक्षकाने पुढे तिच्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले. मी उत्तर लिहिले. त्याने प्रश्नचिन्ह खोडले. निवृत्त होताना मी ती पिन माझ्या हस्ते रीतसर मला दिली, मागणीपत्रासह.

*

या नवरात्रात मी आणि दशरथ धनगरवाड्यावर गेलो. चाचा आता नाहीत. ही गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली, ही खंत आहे. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत मी सामंतांना पत्रे लिहीत बसलो. भागीमावशी आहेत. स्मरणिका त्यांच्याकडे आधीच पोहोचली होती. त्यांच्या नातीने पान एकतीस त्यांना वाचून दाखवले होते. मला पाहताच त्यांनी विचारले, “मी लाकडं कदी दिली रं तुमाला?”

मी म्हणालो, दिली नाहीत, मावशी. तेच सिद्ध करायला आलो आहे.

“सिद्द काय करायचं? माजी येक काटकी जळली नाय. गोदीचा केस गेला त्यो येक.” मग म्हणाल्या, “कानटोपीवाला बाबा ना त्यो? चार भाकऱ्या खाल्ल्यान. म्हनाला, मावशी, असं जेवण कदी झालं नाय. आनि आता लिवतो लाकडं खाल्ली?”

हा जबाब मी जसाच्या तसा उतरवला आहे. अंगठा दशरथने घेतला.

आता जबाबदारीचा राहिलेला भाग. १९८३ च्या त्या पाऊण तासाला जबाबदार दोन व्यक्ती. पहिले, मागणीपत्रात ‘पिन’ न लिहिणारे श्री. सामंत; मूळ कागद माझ्याकडे आहे. दुसरा, डबी समोर दिसत असताना कपाट बंद करणारा मी. माझ्या भागाची कबुली या लेखाने जाहीरपणे दिली. श्री. सामंत यांनी त्यांच्या भागाचे जाहीर उत्तर द्यावे. पिठल्याखाली कोणत्या झाडाचे लाकूड होते? त्याची राख कोणी पाहिली? आणि चौथी भाकरी खाताना हे त्यांना का आठवले नाही?

हे उत्तर त्यांनी पत्राने देऊ नये. जिना चढून ते माझ्या दाराखालून सरकवण्याची सोय फार झाली. येत्या मार्गशीर्षात त्यांनी धनगरवाड्यावर यावे, मावशींच्या वईशेजारी उभे राहावे, आणि मावशी, गमरे, दशरथ आणि गोदीची पारडी यांच्यासमोर मोठ्याने बोलावे. कानटोपी आणावी, वारा असतो. चहा शानीवर होईल.

पिन माझ्या खिशात असेल. मागणीपत्राशिवाय.